मोबाईलवरील मोटारीचे बटण : आज्ञा व स्थिती यांतील भेद

निफाड तालुका हा गोदावरी व कादवा या नद्यांच्या पाण्यावर पोसलेला बागायती मुलूख होय. द्राक्ष, कांदा, ऊस व गहू ही येथील मुख्य पिके असून विहिरी, बोअर व नदीकाठचे उपसे यांवर बसविलेल्या विजेच्या मोटारींवर ती अवलंबून आहेत. शेतीपंपांस थ्री फेज वीज ठराविक वेळापत्रकानुसार मिळते व ती पुष्कळदा रात्रीच्या पाळीत येते. अशा वेळी मोटार लावण्यासाठी अंधारात मळ्यात जाणे म्हणजे थंडी, साप व विंचू यांच्याशी गाठ. गोदाकाठच्या उसात बिबट्याचा वावर असल्याने हे काम अधिकच जोखमीचे झाले आहे.

यास्तव मोबाईल फोनवरून मोटार चालू व बंद करण्याची साधने शेतकऱ्यांना मोलाची वाटली, यात नवल नाही. या कामी महाराष्ट्रात लवकरच पाऊल पडले. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी तयार केलेल्या 'नॅनो गणेश' या साधनास २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले होते. पुढे स्मार्टफोन आला आणि पडद्यावर एक बटण दिसू लागले. ते एकदा दाबले की मोटार चालू, पुन्हा दाबले की बंद.

हे बटण वापरावयास सोपे आहे. परंतु ते जे दाखविते ते नेहमी खरे असतेच असे नाही. कधी पडद्यावर हिरवा रंग असतो आणि विहिरीवर मोटार बंद असते. कधी पडद्यावर 'बंद' दिसते आणि मोटार कोरडी फिरत असते. पहिल्या प्रकारात पीक पाण्यावाचून राहते, दुसऱ्या प्रकारात मोटार जळते. आणि त्याच वेळी विहिरीवर कोणी दुरुस्तीस बसलेला असेल तर जिवावर बेतते. सबब हे बटण कसे चालते, ते कोणत्या अवस्था दाखविते आणि त्यावर कितपत विसंबावे, हे प्रत्येक शेतकऱ्याने व गावपातळीवरील कार्यकर्त्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

१. ओळखीची तीन बटणे

पडद्यावरील बटण समजण्यासाठी प्रथम रोजच्या वापरातील तीन बटणे पाहू.

पहिले बटण घरातील दिव्याचे. ते खाली दाबले की दिवा लागतो व बटण तेथेच राहते. दिवा लागला आहे की नाही हे बटणाकडे पाहूनही कळते. येथे बटण हीच आज्ञा व बटण हीच स्थिती.

दुसरे बटण मोटारीच्या स्टार्टरचे. हिरवे बटण दाबून सोडले की ते पूर्वीच्या जागी परत येते. ते केवळ आज्ञा देते. आज्ञा मिळाल्यावर पेटीतील कॉन्टॅक्टर विजेच्या चुंबकाने ओढला जातो व तो मोटारीस वीज देत राहतो. वीज गेली की चुंबक सुटतो व मोटार थांबते. वीज परत आली तरी कोणीतरी हिरवे बटण पुन्हा दाबल्यावाचून मोटार सुरू होत नाही. येथे बटणाकडे पाहून मोटारीची स्थिती कळत नाही. ती कॉन्टॅक्टरवरून, ॲम्पिअरच्या काट्यावरून व पाण्याच्या धारेवरून कळते.

तिसरे बटण जिन्यातील दिव्याचे. त्यास खाली एक व वर एक अशी दोन बटणे असतात. खालचे बटण कोणत्या बाजूस आहे हे पाहून दिवा लागला आहे की नाही ते सांगता येत नाही, कारण वरचे बटण कोणीतरी फिरविलेले असू शकते. दोन माणसांनी एकाच वेळी आपापले बटण दाबले तर दिवा जसा होता तसाच राहतो.

मोबाईलवरील बटण दिसावयास पहिल्यासारखे असते, काम दुसऱ्यासारखे करते आणि एकाच मोटारीवर दोन फोन जोडले की तिसऱ्यासारखे वागते. सारा घोटाळा येथून उत्पन्न होतो.

२. आज्ञेचा प्रवास

घरी बसून बटण दाबले असता आज्ञा पुढील मार्गाने जाते. फोनमधून ती मोबाईलच्या टॉवरकडे जाते. तेथून पुष्कळ साधनांत ती कंपनीच्या संगणकाकडे व मग विहिरीवरील पेटीत घातलेल्या सिमकार्डाकडे येते. पेटीतील रिले कॉन्टॅक्टरला वीज देतो, कॉन्टॅक्टर मोटारीस वीज देतो, आणि मग पाणी येते. या साखळीची कोणतीही कडी तुटू शकते. फोनला रेंज नसेल, पेटीतील सिमचे रिचार्ज संपले असेल, थ्री फेज वीज आली नसेल, ओव्हरलोड रिले पडला असेल किंवा विहिरीचे पाणी तळाशी गेले असेल.

येथे टपालाचे उदाहरण घ्यावे. पत्र पेटीत टाकणे म्हणजे ते पोचणे नव्हे. पोचपावती परत आली म्हणजे पत्र हाती पडले असे समजते; परंतु पत्रात सांगितलेले काम झाले की नाही हे पोचपावती सांगत नाही. त्याचप्रमाणे आज्ञा पाठविली गेली, ती पेटीस पोचली आणि मोटार प्रत्यक्ष फिरू लागली, या तीन भिन्न गोष्टी आहेत. काही अ‍ॅप पहिली गोष्ट घडताच बटण हिरवे करतात, काही दुसरी घडल्यावर. विश्वासू अ‍ॅप तेच, जे तिसरी गोष्ट घडल्यावरच 'चालू' असे दाखविते.

मोटार फिरते आहे हे पेटीस कसे कळावे? मोटारीच्या वायरमधून वाहणारा विद्युतप्रवाह मोजूनच ते खात्रीने कळते. प्रवाह मोजण्याचा दुसराही लाभ आहे. विहिरीतील पाणी संपले की पंपावरील भार कमी होतो व ॲम्पिअर नेहमीपेक्षा खाली येतात. पंप जाम झाला किंवा तीनपैकी एक फेज गेली तर उरलेल्या फेजमधील ॲम्पिअर वाढतात. यास्तव आपल्या मोटारीचे नेहमीचे ॲम्पिअर किती आहेत ते पेटीच्या दारावर रंगाने लिहून ठेवावे व अ‍ॅपमध्ये दिसणारा आकडा त्याच्याशी ताडून पाहण्याची सवय लावावी.

३. बटणाच्या सहा अवस्था

पडद्यावरील बटणास सहसा दोनच रूपे दिलेली असतात. मोटारीच्या अवस्था मात्र दोनच नसतात. त्या पुढीलप्रमाणे ओळखाव्यात.

बंद : पेटीने अलीकडेच कळविले आहे की मोटारीतून प्रवाह वाहत नाही.

वाट पाहणे : आज्ञा गेली आहे, उत्तर आलेले नाही. या अवस्थेत चांगल्या अ‍ॅपमध्ये फिरते चक्र अथवा 'आज्ञा पाठविली' असे शब्द दिसतात व बटण पुन्हा दाबता येत नाही. चक्र फिरत असता बटण वारंवार दाबण्याचा मोह आवरावा.

चालू : पेटीने प्रवाह मोजून तसे कळविले आहे.

वीज नाही : पेटीतील बॅटरीमुळे संपर्क आहे, परंतु थ्री फेज वीज आलेली नाही. आज्ञा पाळली जाणार नाही.

बिघाड : ओव्हरलोड, कोरडी मोटार किंवा एक फेज गेल्यामुळे पेटीने मोटार आपण होऊन थांबविली आहे. या अवस्थेत 'चालू करा' पुन्हा पुन्हा दाबणे म्हणजे मोटार जाळणे होय. प्रथम कारण शोधावे.

संपर्क नाही : पेटीकडून काहीच कळत नाही. मोटार चालू असेल, बंदही असेल. ही अवस्था सर्वांत फसवी आहे, कारण पुष्कळ अ‍ॅप अशा वेळी शेवटी कळलेली स्थितीच दाखवीत राहतात. रात्री दहा वाजता संपर्क तुटला तर पहाटे पाच वाजताही पडद्यावर दहा वाजताचेच 'चालू' दिसते.

म्हणून बटणाशेजारी वेळ दिसणे आवश्यक आहे. 'चालू, पहाटे ४ वाजून १० मिनिटांची नोंद' असे लिहिलेले असेल तर वाचणारा स्वतः विचार करू शकतो. वेळ दिसत नसेल तर त्या रंगावर विश्वास ठेवू नये.

ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीच्या पुराने चांदोरी व सायखेडा या गावांना वेढा पडला होता. अशा पुरात नदीकाठची पेटी पाण्याखाली गेली तरी फोनवरील बटण आदल्या दिवशीचीच अवस्था दाखवीत राहू शकते. पाणी चढू लागले की फोनवर विसंबू नये. पेटी कोरडी असून तिच्यापर्यंत सुरक्षितपणे जाता येत असेल, तोवरच मेन स्विच उतरवावा. पेटी एकदा भिजल्यावर तिला हात लावू नये व फोनवरूनही कोणतीच आज्ञा देऊ नये; वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यास कळवावे.

४. 'चालू' आणि 'चालू करा'

काही अ‍ॅपमध्ये बटणावर केवळ 'चालू' असा शब्द असतो. त्याचा अर्थ मोटार चालू आहे असा, की दाबल्यास चालू होईल असा? दोन्ही अर्थ संभवतात. घरातील एक जण एक अर्थ घेतो, दुसरा दुसरा. मग बंद करावयाची मोटार चालू होते.

मराठी भाषेत हा भेद सहज दाखविता येतो. 'मोटार चालू आहे' हे स्थितीचे वाक्य झाले व 'मोटार बंद करा' हे आज्ञेचे. ज्या अ‍ॅपमध्ये वर स्थितीची ओळ व खाली आज्ञेचे बटण अशी वेगवेगळी मांडणी असते, ते अ‍ॅप वापरण्यास निर्धोक समजावे. केवळ हिरव्या व तांबड्या रंगावर भर दिलेला असेल तर ते पुरेसे नाही. उन्हात पडदा नीट दिसत नाही आणि काही माणसांना हिरवा व तांबडा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. रंगाबरोबर शब्द हवाच.

अ‍ॅपमध्ये मराठी भाषा निवडण्याची सोय असल्यास तिचा उपयोग करावा. ती नसल्यास कार्यकर्त्याने कुटुंबातील सर्वांना, विशेषतः घरी राहून मोटारीकडे लक्ष देणाऱ्या स्त्रियांना, प्रत्येक शब्दाचा अर्थ स्थितीचा की आज्ञेचा हे बसून समजावून द्यावे.

५. एक मोटार, अनेक फोन

एकत्र कुटुंबात एका मोटारीवर वडील, मुलगा, सून व सालदार अशा चौघांचे फोन जोडलेले असतात. असे समजावे की पहाटे चार वाजता वीज आली. वडिलांनी बटण दाबले. त्याच क्षणी नाशिकला राहणाऱ्या मुलानेही आपल्या फोनवरून बटण दाबले. मोटार चालू झाली काय?

याचे उत्तर अ‍ॅप कोणती आज्ञा पाठविते यावर अवलंबून आहे. काही अ‍ॅप 'आहे त्याच्या उलट कर' अशी आज्ञा पाठवितात. अशा वेळी वडिलांच्या आज्ञेने मोटार चालू होते व मुलाच्या आज्ञेने लगेच बंद पडते. दोघेही समाधानाने झोपतात आणि बाग कोरडी राहते. इतर अ‍ॅप 'चालू कर' किंवा 'बंद कर' अशी स्पष्ट आज्ञा पाठवितात. ती दोनदा पोचली तरी बिघडत नाही. चालू असलेली मोटार चालूच राहते. एकच आज्ञा नेटवर्कच्या दोषाने दोनदा पोचली तरीही हाच लाभ होतो. म्हणून साधन विकत घेताना स्पष्ट आज्ञा देणारेच घ्यावे.

दुसरा धोका उशिरा पोचणाऱ्या आज्ञेचा. रेंज नसताना पाठविलेला संदेश कधी कधी तासाभराने पोचतो. तोवर काम आटोपून माणूस विहिरीत उतरलेला असू शकतो. ठराविक वेळेत न पोचलेली आज्ञा रद्द होण्याची सोय साधनात आहे काय, हे विक्रेत्यास विचारून घ्यावे.

कुटुंबानेही आपला नियम ठरवावा. एका पाळीत मोटारीची जबाबदारी एकाचीच असावी. इतरांनी पडदा पाहावा, परंतु बटण दाबण्यापूर्वी फोन करून विचारावे, "दादा, मोटार मी लावू की तुम्ही लावली?" शेवटची आज्ञा कोणाच्या फोनवरून व केव्हा गेली हे दाखविणारी यादी अ‍ॅपमध्ये असेल तर ती पाहण्याची सवय ठेवावी.

६. वीज परत आल्यावर काय व्हावे?

साधा स्टार्टर वीज परत आल्यावर आपण होऊन चालू होत नाही, हे वर सांगितलेच आहे. ही उणीव समजून अनेकांनी पेटीत ऑटो स्विच बसविले. अ‍ॅपमध्येही 'ऑटो' असे दुसरे बटण असते. ते चालू ठेवले की वीज येताच मोटार सुरू होते.

या बटणाचा परिणाम एका शेतापुरता राहत नाही. एका ६३ केव्हीए क्षमतेच्या रोहित्रावर, म्हणजे लोक ज्यास डीपी म्हणतात त्यावर, ५ अश्वशक्तीच्या दहा मोटारी आहेत असे धरू. चालू स्थितीत प्रत्येक मोटार सुमारे ५ केव्हीए भार घेते. दहा मिळून ५० झाले. हे रोहित्रास पेलते. परंतु थेट चालू होणारी मोटार सुरू होण्याच्या क्षणी नेहमीच्या सुमारे सहापट प्रवाह ओढते. दहाही मोटारी ऑटोवर असतील तर वीज येताच मागणी क्षणभर ३०० केव्हीएच्या घरात जाते. त्यामुळे दाब पडतो, मोटारी नीट उचलत नाहीत, फ्यूज उडतात आणि रोहित्र जळण्याचाही संभव असतो. रोहित्र जळले की दहाही शेतांचे पाणी थांबते. याच कारणास्तव ऑटो स्विच काढून टाकण्याचे व मोटारींना कपॅसिटर बसविण्याचे आवाहन महावितरण कंपनी शेतकऱ्यांना वेळोवेळी करीत आली आहे.

मोबाईलवरील साधनाने या प्रश्नाचे उत्तर सुलभ होते. 'ऑटो' बंद ठेवून वीज आल्याचा संदेश फोनवर येऊ द्यावा व मग स्वतः आज्ञा द्यावी. एका रोहित्रावरील शेतकऱ्यांनी एकत्र बसून क्रम लावावा. पहिल्याने वीज आल्यावर दोन मिनिटांनी, दुसऱ्याने चार मिनिटांनी, तिसऱ्याने सहा मिनिटांनी याप्रमाणे मोटार लावावी. क्रमाची यादी रोहित्राजवळ राहणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याच्या ओट्यावर लावून ठेवावी.

२०२४ साली राज्यात सुरू झालेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेखाली किंवा अन्य मार्गाने ज्यांनी सौर पंप घेतले आहेत, त्यांनी एक भेद ध्यानी ठेवावा. ढग आले की सौर पंप बंद न पडता मंद होतो. पडद्यावर 'चालू' दिसत असता शेताच्या शेवटच्या टोकास पाणी पोचलेले नसते. तेथे बटणाऐवजी किती पाणी उपसले तो आकडा पाहावा.

७. ठिबकच्या व्हॉल्व्हचा मेळ

द्राक्षबागेत आता मोटारीबरोबर ठिबकचे व्हॉल्व्हही फोनवरून उघडता येतात. चार तुकड्यांचे चार व्हॉल्व्ह व एक मोटार अशी पाच बटणे पडद्यावर दिसतात. ही बटणे एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. सर्व व्हॉल्व्ह बंद असता मोटार चालू केली तर नळीतील दाब वाढून जोड निसटतात किंवा पाईप फुटतो.

म्हणून क्रम ठरलेला असावा. प्रथम व्हॉल्व्ह उघडावा, तो उघडल्याची खात्री करावी, मग मोटार लावावी. एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाताना दुसरा व्हॉल्व्ह आधी उघडावा, मग पहिला बंद करावा. शेवटी मोटार आधी थांबवावी व व्हॉल्व्ह नंतर मिटावा. चांगल्या साधनात सर्व व्हॉल्व्ह बंद असता मोटारीचे बटण दाबताच येत नाही व तसे कारणही पडद्यावर दिसते. ज्या साधनात अशी अडवणूक नाही, तेथे ती शेतकऱ्याने स्वतःच्या शिस्तीने पाळावी.

निफाडच्या थंडीत या शिस्तीची खरी कसोटी लागते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस येथील पारा २ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला होता. अशा पहाटे द्राक्षमण्यांना तडे जाण्याची भीती असते. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते आणि ओली जमीन अधिक उष्णता धरून ठेवते, म्हणून बागाईतदार पहाटे ठिबक चालू ठेवतात व बागेत शेकोट्या करतात. त्या दोन-तीन तासांत पडद्यावरील खोटे 'चालू' वर्षभराची मेहनत घालवू शकते. थंडीच्या रात्री फोनवर मोटार लावली तरी ॲम्पिअरचा आकडा पाहावा आणि शेकोटीसाठी बागेत असलेल्या माणसाकडून ठिबकच्या नळीतून थेंब पडत असल्याची खात्री करून घ्यावी.

८. जिवाची सुरक्षितता

फोनवर 'बंद' दिसणे म्हणजे वीज तोडली जाणे नव्हे. कॉन्टॅक्टर सुटल्यावरही स्टार्टरच्या वरच्या टोकांत वीज असतेच. शिवाय कॉन्टॅक्टरचे पॉइंट ठिणग्यांनी जळून एकमेकांस चिकटले तर 'बंद करा' ही आज्ञा पोचूनही मोटार थांबत नाही. आणि घरी बसलेल्या माणसास विहिरीवर कोण आहे हे दिसत नाही. त्याने सद्हेतूने दाबलेले बटणही घातक ठरते.

यास्तव मोटार, पंप, फूटव्हॉल्व्ह किंवा केबल यांस हात लावण्यापूर्वी पुढील क्रम पाळावा. मेन स्विच उतरवावा व फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत. पेटीतील निवड-बटण मोबाईलवरून काढून हाताने चालविण्याच्या बाजूस करावे. ज्यांच्या फोनवर अ‍ॅप आहे त्या सर्वांना फोन करून सांगावे. टेस्टरने तपासून मगच कामास लागावे. पेटीतील वायरिंगचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. काम संपल्यावर फ्यूज ज्याने काढले त्यानेच परत बसवावेत.

मुलांच्या हाती दिलेला फोन व खिशात दाबले जाणारे बटण हेही धोके आहेत. अ‍ॅपला कुलूप लावण्याची किंवा बटण काही क्षण दाबून धरण्याची सोय असल्यास ती अवश्य चालू ठेवावी.

९. गावातील प्रात्यक्षिक

कार्यकर्त्यांनी गावात या विषयाचे प्रात्यक्षिक घ्यावे. एक जण विहिरीवर व दुसरा गावात अशी जोडी करावी. विहिरीत पुरेसे पाणी असल्याची खात्री करावी. मोटार वारंवार सुरू केल्याने तापते, म्हणून दोन सुरुवातींत किमान दहा ते पंधरा मिनिटांचे अंतर ठेवावे. प्रत्येक वेळी फोनवर काय दिसले व विहिरीवर काय घडले हे दोन रकान्यांत लिहावे.

पहिली चाचणी : मेन स्विच उतरवून ठेवावा व फोनवर 'चालू करा' दाबावे. पडद्यावर 'चालू' आले तर ते अ‍ॅप केवळ आज्ञाच दाखविते, स्थिती नव्हे, असे समजावे. मेन स्विच पुन्हा चढविण्यापूर्वी फोनवरून 'बंद करा' अशी आज्ञा द्यावी, म्हणजे राहिलेल्या आज्ञेने मोटार अवचित सुरू होणार नाही.

दुसरी चाचणी : विहिरीवरील माणसाने स्टार्टरचे हिरवे बटण हाताने दाबावे. काही वेळात फोनवर 'चालू' दिसले पाहिजे.

तिसरी चाचणी : दोन फोनवरून एकाच वेळी 'चालू करा' दाबावे. मोटार चालू होऊन चालूच राहिली पाहिजे.

चौथी चाचणी : फोनचे इंटरनेट बंद करून बटण दाबावे. 'आज्ञा गेली नाही' असे स्पष्ट कळले पाहिजे व बटण पूर्वीच्या अवस्थेत परतले पाहिजे. फोनकॉलवर किंवा एसएमएसवर चालणाऱ्या साधनास ही चाचणी फोन विमान अवस्थेत ठेवून घ्यावी.

पाचवी चाचणी : मोटार चालू असता अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे. अ‍ॅपने आपल्या आठवणीतील रंग न दाखविता पेटीस विचारून नवी स्थिती व तिची वेळ दाखविली पाहिजे.

या पाच चाचण्यांत जे साधन उतरते ते विश्वासपात्र समजावे. जे एखाद्या चाचणीत उतरत नाही ते टाकून देण्याचे कारण नाही. त्याचा दोष कोठे आहे हे घरातील सर्वांस ठाऊक असले म्हणजे तेवढ्यापुरती सावधगिरी बाळगून ते वापरता येते. आढळलेला दोष विक्रेत्यामार्फत कंपनीस लेखी कळवावा. साधन बनविणारा सहसा शहरात बसलेला असतो. पहाटेच्या अंधारात त्याच्या बटणाचे काय होते हे त्यास शेतकऱ्याखेरीज कोण सांगणार?

१०. ध्यानी ठेवावयाच्या गोष्टी

(१) पडद्यावरील बटण ही आज्ञा होय. स्थिती ॲम्पिअरवरून व पाण्यावरून ओळखावी.

(२) चक्र फिरत असता बटण पुन्हा दाबू नये.

(३) स्थितीबरोबर तिची वेळ पाहावी. वेळ जुनी असेल तर 'संपर्क नाही' असेच समजावे.

(४) एका पाळीत मोटारीची जबाबदारी एकाच माणसाकडे असावी.

(५) 'ऑटो' बंद ठेवून रोहित्रावरील शेतकऱ्यांनी मोटारी क्रमाने लावाव्यात.

(६) व्हॉल्व्ह आधी उघडावा, मोटार नंतर लावावी. थांबविताना मोटार आधी, व्हॉल्व्ह नंतर.

(७) दुरुस्तीपूर्वी मेन स्विच उतरवावा व फ्यूज खिशात ठेवावेत. फोनवरील 'बंद' या शब्दावर कोणाचाही जीव सोपवू नये.

अभ्यासासाठी प्रश्न

(१) जिन्यातील दिवा व दोन फोनवर जोडलेली मोटार यांत साम्य कोणते?

(२) आपल्या गावातील एका रोहित्रावरील मोटारींची संख्या व अश्वशक्ती लिहून त्या एकदम सुरू झाल्यास किती भार पडेल ते काढा.

(३) आपल्या फोनवरील अ‍ॅपमध्ये वर सांगितलेल्या सहा अवस्थांपैकी कोणत्या दिसतात व कोणत्या दिसत नाहीत, याची यादी करून पुढील सभेत आणा.